गच्चीवरचा परीट

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास गच्चीवर तुरुतुरु चालणारा, पिवळ्या पोटाचा एक पक्षी पाहिलात? तो करडा परीट, कुणी धोबीही म्हणतं. धुणं आपटावं तशी त्याची शेपटी सारखी वरखाली! चिमणीएवढा जीव, पण थेट हिमालयाकडून येतो आणि उन्हाळा लागला की परततो. पळसमैनांचे थवे तर मध्य आशियातून येतात, बरं का!

नाशकातल्या आमच्या गच्चीवर टाकीचं पाणी झिरपतं. तिथले किडे टिपायला परीट रोज सकाळी हजर असे. गेल्या संक्रांतीनंतर मात्र दिसेना. चौथ्या दिवशी अँटेनाच्या तारेला मांजात अडकलेला सापडला. मांजा आमच्याच चिरंजीवांचा, नायलॉनचा. बंदी २०१७ सालची, पण घरात आलाच की! मी खरेदीच्या वेळी पाहिलंच नव्हतं.

मग मायलेकांनी मिळून गच्चीवरचा सगळा मांजा गोळा केला. आता घरात साधा सुती दोराच येतो, आणि पक्ष्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळी, सकाळ-संध्याकाळ, पतंग उडवायचा नाही.

यंदा ऑक्टोबरात टाकीपाशी पुन्हा एक परीट आला. लेकानं मला हळूच हाक मारली, ‘‘आई, पाहुणा आला!’’