मोटारीच्या ब्रेकवरील खुणा

जीभ पाहून वैद्य जसा पोटाची अवस्था सांगतो, तसा कुशल मिस्त्री चाकामागील लोखंडी तबकडीवरून ब्रेकची प्रकृति ओळखतो. ही विद्या गूढ नाहीं. बोरघाट उतरतांना मोटारींतील सर्वांचे प्राण या तबकड्यांवर विसंबून असतात. यास्तव मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें ती थोडीबहुत अवगत करून घेणें अगत्याचें आहे.

इंग्लंडांतील यंत्रज्ञ फ्रेडरिक लँचेस्टर यानें या जातीच्या ब्रेकचें पेटंट १९०२ सालीं घेतलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत असे ब्रेक लावलेली जॅग्वार मोटार विजयी झाली, तेव्हां त्यांची महती जगास पटली. चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या तबकडीस दोन पॅड दोहों बाजूंनीं चिमटींत धरतात आणि घर्षणानें गतीचें रूपांतर उष्णतेंत होतें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी १२०० किलोग्रॅमची मोटार थांबविली, कीं एक लिटर पाणी सुमारें ७० अंशांनीं तापेल एवढी उष्णता निघते. तिचा बहुतेक भार तबकड्यांस सोसावा लागतो, आणि त्याच्याच खुणा तेथें उमटतात.

पावसाळ्यांत एका रात्रींत तबकडीवर तांबूस गंज चढतो. त्यानें घाबरूं नये. दोनचार वेळां ब्रेक लावतांच तो पुसला जातो. मात्र मोटार रोज चालवूनही पॅडच्या वाटेवर गंजाचा पट्टा कायम राहिला, तर पॅड तेथें पुरता टेंकत नाहीं, असें समजावें.

ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळाकार रेषा नेहमींच्या घर्षणानें पडतात. तबकडी थंड असतांना तीवरून नख फिरवावें; तें अडकलें नाहीं, तर रेषा निरुपद्रवी होत. खोल चर आणि जोडीला धातू घांसल्याचा कर्कश आवाज असेल, तर पॅडचा थर संपून मागील पोलादी पत्रा तबकडीस लागत आहे. अशा वेळीं दिरंगाई करूं नये.

घाट उतरल्यावर तापलेला ब्रेक दाबून धरून मोटार उभी केली, तर पॅडचें द्रव्य एकाच जागीं चिकटून त्याच्या आकाराचा काळसर ठसा उठतो. पुढें ब्रेक लावतांना पायाखालीं थरथर जाणवते व "तबकडी वाकली" असें निदान होतें. बहुधा ती वाकलेली नसते. जाडींत मिलिमीटरच्या कांहीं शतांशांचा फरक पडलेला असतो, आणि तेवढाही पायास कळतो.

निळसर डाग ही लोखंड अतिशय तापल्याची साक्ष होय. ते एकाच चाकावर असतील, तर तेथील ब्रेक अडकून राहत असावा. दोन्ही बाजूंस असतील, तर उतारावर खालचा गिअर न टाकतां सारा भार ब्रेकवर ठेवण्याची संवय दोषी असण्याचा संभव अधिक. केसासारख्या भेगांचें जाळें मिस्त्रीस दाखवावें. परंतु भेग कडेपर्यंत पोहोंचली असेल, तर तबकडी तत्काळ बदलावी, आणि तिच्या जोडीची पलीकडच्या चाकावरचीही बदलावी.

सर्वांत महत्त्वाची खूण कारखान्यानेंच तबकडीवर कोरलेली असते: किमान जाडीचा आंकडा. नवी तबकडी २२ मिलिमीटर असून कोरलेला आंकडा २० असेल, तर केवळ दोन मिलिमीटर झीज क्षम्य आहे. कडेला न झिजलेला कंगोरा राहतो, त्यामुळें वरवर पाहतां तबकडी जाड भासते. मायक्रोमीटर त्याच्या आंत लावावा. आरशासारखी गुळगुळीत तबकडीही या आंकड्याखालीं गेली असेल, तर ती घातक होय. पातळ लोखंड लौकर तापतें. लांब उतारावर ती उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोहोंचून तें उकळूं लागतें, आणि पाय दाबूनही मोटार आवरत नाहीं. म्हणून चाकें काढण्याचा प्रसंग येईल तेव्हां मिस्त्रीकडून दोन्ही तबकड्यांची जाडी मोजवून घ्यावी आणि ती कोरलेल्या आंकड्याशीं स्वतः ताडून पहावी.