गाडी मिसिंग मारतेय? आधी कॉइलची अदलाबदल करून पाहा

दीड लाख किलोमीटर धावलेली पेट्रोल गाडी सिग्नलला थरथरते, चढावर झटके देते. गॅरेजच्या भाषेत, मिसिंग मारते. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो.

स्कॅनर लावला की कोड मिळतो. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिला ते चौथा सिलिंडर. पी०३०० आला तर मिसिंग एका जागी नाही. मग व्हॅक्यूम गळती, इंधनाचा दाब तपासावा.

समजा, पी०३०३ आला. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करायची, कोड पुसून गाडी फिरवायची. आता पी०३०२ आला, तर दोष कॉइलचाच. तिसऱ्यावरच राहिला, तर प्लग आणि मग इंजेक्टर याच रीतीने तपासायचे.

तरीही उलगडा नाही? कॉम्प्रेशन मोजावं. कमी आलं, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. वाढलं तर बहुधा रिंगा झिजल्यात. तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

तुमच्या गाडीला कोणता कोड आलाय? जरूर विचारा.