गंधाराचा आंकडा

माझ्या टेबलाच्या खणांत एक दोनशें पानी वही आहे. पहिलें पान कोरें आहे. दुसऱ्या पानापासून आंकड्यांच्या रांगा सुरू होतात: २.०४, ३.८६, ४.९८, ७.०२. त्यांपैकीं ३.८६ वर काट मारून शेजारीं ३.८८ लिहिलेलें आहे. घरांतील मुलांस ती वही पाहून वाटतें कीं, मास्तरांनीं निवृत्तीनंतर शेअर बाजाराचा नाद धरिला असावा. खरी गोष्ट अशी कीं, ते स्वर आहेत. माझ्या वडील बहिणीनें, ताईनें, सांगलीच्या घरीं एका लहानशा संगणकाकडून ते म्हणवून घेतले आणि मीं ते टिपून ठेविले. संगणकावर गाणें रचणें ही गोष्ट आज कोणास नवलाची राहिलेली नाहीं. परंतु चाळीस वर्षांपूर्वीं, घरांतील टेलिव्हिजनला जोडावयाचीं तीं यंत्रें नुकतीं कोठें येऊं लागलीं होतीं तेव्हां, त्यांच्यावर संगीत कसें लिहीत असत आणि त्यांत आपल्या सुरांची काय गत होई, हें थोडें विस्तारानें सांगावें असें फार दिवस मनांत आहे.

आरंभ साताऱ्यास झाला. १९८४-८५ सालीं भारत सरकारनें शाळांतून संगणकाचा परिचय करून देण्यासाठीं ‘क्लास’ नांवाची योजना काढिली. पहिल्या वर्षीं सुमारें २५० शाळा निवडल्या गेल्या व त्यांस विलायतेहून आणलेलीं बी.बी.सी. मायक्रो यंत्रें मिळालीं. मी ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत होतों तेथेंही पुढें असें यंत्र आलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि वाईस एका शास्त्रीबोवांपाशीं लघुकौमुदी घोकलेला मनुष्य. त्या खोलींत माझें कांहीं काम नव्हतें. पण एके दिवशीं मधल्या सुटींत मुलांनीं त्या यंत्राकडून सारेगम म्हणवून घेतलें, तें ऐकून मी आंत डोकावलों आणि अडकलों तो कायमचाच.

त्या यंत्रांत एका वेळीं तीन सूर निघत. रीत अशी: ‘साउंड’ हा शब्द लिहावयाचा व त्यापुढें चार आंकडे मांडावयाचे. तीन वाटांपैकीं कोणती वाट, किती मोठ्यानें, किती उंचीचा सूर, किती वेळ. उंचीचा आंकडा चारानें वाढविला कीं सूर पेटीच्या एका पट्टीनें चढे. म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्यें आणखी तीन पायऱ्या, आणि सबंध सप्तकांत ४८! भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत श्रुति सांगितल्या त्या बावीसच. मला वाटलें, आतां आपल्या गाण्यास उणें कांहीं नाहीं.

हा आनंद दोन दिवस टिकला. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरिलीं तर शुद्ध गंधार ३०० वर येतो; चारास पांच हें त्याचें प्रमाण. तंबोरा जुळला कीं त्याच्या तारांतून आपोआप ऐकूं येतो तो हाच स्वयंभू गंधार. पेटीचा गंधार ३०२.४ वर असतो, म्हणून तो कानाला चढा लागतो. बी.बी.सी. यंत्रावर मीं षड्जापासून पंधरावी पायरी काढली, तर हिशेबानें २९८ निघाले. सोळावी काढली, तर पुन्हां पेटीचे ३०२.४. पायऱ्या ४८ असून आमचा गंधार नेमका पंधरावी व सोळावी यांच्या मधल्या फटींत पडला होता.

हें मीं सांगलीस ताईला पत्रानें कळविलें. ताई मिरजेस किराणा घराण्याच्या एका बोवांपाशीं अकरा वर्षें शिकलेली. गळा उत्तम, परंतु चाळिशीच्या आंतच तिला सांधेवातानें गांठलें. बोटें वांकलीं. तंबोरा छेडणें प्रथम बंद झालें, मग पेटीही बंद झाली. पेटीविषयीं तिला फारसें दुःख नव्हतें. एके काळीं आकाशवाणीनें पेटीस मज्जाव केला होता (१९४० पासून १९७१ पर्यंत), तो उठविला हीच चूक झाली असें ती म्हणे. पण तंबोरा गेला याचें दुःख तिनें कोणापाशीं बोलून दाखविलें नाहीं. तिचें उत्तर एका ओळीचें होतें: “यंत्रास गंधार येत नाहीं यांत नवल काय? देवलांनाही तो पेटींत बसवितां आला नाहीं.”

हे देवल म्हणजे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कै. कृष्णाजी बल्लाळ देवल. तारेची लांबी मोजून एकेका श्रुतीचें प्रमाण ठरविण्याचा उद्योग त्यांनीं केला, आणि या कामीं त्यांना खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या गळ्याचें साहाय्य झालें. १९१० सालीं त्यांनीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्यानें तो विषय उचलून धरिला, आणि जादा सुरांची एक श्रुति-हार्मोनियम तयार झाली. १९१६ सालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हां ती पुढें मांडण्यांत आली, पण पं. भातखंडे प्रभृतींना ती मान्य झाली नाहीं. माझ्या अल्प मतीप्रमाणें देवलांचें गणित वावगें नव्हतें. अडचण अशी कीं, पेटीचा सूर कानशीनें घासून एकदां ठरला कीं ठरला. गाणारा उद्यां दुसरा राग घेऊन आला तर पेटी त्याच्यासाठीं हलत नाहीं.

असो. १९८७ च्या दिवाळींत मी सांगलीस गेलों तों भाच्यानें घरांत नवीनच यंत्र आणून ठेविलें होतें. इंग्लंडांत १९८२ सालीं निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमची ती देशी आवृत्ति. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनें ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नांवानें ती बाजारांत आणिली होती. स्मृति ४८ किलोबाइटची. लिहिलेलें जतन करावयाचें तें साध्या कॅसेटवर. आवाज एकच, तोही पिपाणीसारखा, आणि सूर चालूं असतां यंत्रास दुसरें कांहींच करतां येत नसे. बी.बी.सी. पुढें तें अगदीं गरीब. परंतु त्याची ‘बीप’ नांवाची आज्ञा मात्र श्रीमंत होती. तींत दोनच आंकडे: किती सेकंद, आणि मध्य सप्तकाच्या पहिल्या पांढरीपासून किती पट्ट्या वर. हा दुसरा आंकडा अपूर्णांकांत दिला तरी चाले! यंत्राबरोबरच्या इंग्रजी पुस्तिकेंत तर स्पष्टच म्हटलें आहे कीं, हिंदुस्थानी संगीतासारख्या संगीतांत अर्ध्या स्वराहून लहान अंतरें असतात, आणि तींही येथें विनासायास देतां येतात. कोण कोठला इंग्रज पुस्तिका लिहावयास बसतो आणि त्याला आपली आठवण होते, याचें मला आजही कौतुक वाटतें.

मीं लॉगॅरिदमच्या कोष्टकावरून हिशेब करून दिला. षड्ज शून्य धरिला तर पेटीचा गंधार ४, शुद्ध गंधार ३.८६. (ताईची पट्टी काळी पांच, म्हणून प्रत्यक्षांत प्रत्येक आंकड्यांतून दोन वजा करावे लागत, येथें सोयीसाठीं तें सोडून देतों.) भाच्यानें तंबोरा मांडीवर घेतला, मीं कळा दाबल्या. प्रथम तार सप्तकांतला गंधार पेटीच्या मापानें काढला. तंबोऱ्याच्या गंधाराशीं तो भांडूं लागला. सेकंदास चार-पांच हेलकावे स्पष्ट ऐकूं येत होते. मग दशांशाचा घातला. हेलकावे जवळजवळ थांबले. भाचा माझ्याकडे पाहून हंसला. ताई मात्र डोळे मिटून बसली होती.

“अजून किंचित् वर घे,” ती म्हणाली.

“ताई, गणितानें हाच येतो,” मी म्हणालों.

“गणितानें येत असेल. तूं वर घे.”

३.८७ घातला, मग ३.८८. तेव्हां तिनें आपला ‘सा’ लाविला, आणि त्या संध्याकाळीं कित्येक महिन्यांनंतर आमच्या घरांत पूरिया झाला. हें तिच्या कानाचें औदार्य कीं हट्ट, तें मला ठरवितां येईना. पुढें बऱ्याच वर्षांनीं भाच्यानें त्या यंत्राच्या अंतर्गत आज्ञांचें छापील पुस्तक मिळविलें, तेव्हां उलगडा झाला. पूर्ण आंकड्यांसाठीं यंत्रांत बारा सुरांचें कोष्टक तयार ठेविलेलें आहे. अपूर्णांकासाठीं मात्र, जेथें वक्र रेषा हवी तेथें सरळ रेषा धरून काम भागविलें आहे. त्यामुळें ३.८६ मागितलें असतां यंत्र ३.८४ च्या जवळचा सूर देतें, आणि ३.८८ मागितलें म्हणजे खरा ३.८६ मिळतो. मास्तरांचें गणित बरोबर होतें आणि ताईचा कानही बरोबर होता. लबाडी यंत्राची होती.

यानंतर भाच्यानें जें केलें तें खरें रचनेचें साधन. त्यानें एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर सोळा मात्रांची ओळ उमटे, चार-चारांचे विभाग पाडलेले. शुद्ध स्वरास मोठें इंग्रजी अक्षर, कोमलास लहान. मध्यमाचें मात्र उलट, शुद्ध तो लहान व तीव्र तो मोठा. भातखंड्यांच्या स्वरलिपींतील आडव्या-उभ्या रेघांची सोय त्या कळांवर नव्हती, म्हणून ही तडजोड. एका मात्रेंत दोन स्वर हवे असतील तर ते कंसांत. ओळ पुरी झाली कीं यंत्र ती वाजवून दाखवी. आणि प्रत्येक अक्षराची उंची किती, तें बारा आंकड्यांच्या एकाच ओळींत निराळें लिहिलेलें असे. ती ओळ बदलली कीं तेवढाच राग दुसऱ्या श्रुतींवर वाजे. ताईच्या वांकलेल्या बोटास एकेक कळ दाबतां येई. लेखणी धरवत नव्हती, पण अशा रीतीनें तिनें तीन वर्षांत चौदा बंदिशी बांधल्या आणि पांच मुलींस शिकविल्या. भाचा पुण्यास शिकावयास गेल्यावर तंबोरा छेडणारें कोणी उरलें नाहीं, तेव्हां बंगळूरचा विजेवर चालणारा तंबोरा घेतला. तो तिला कधीं मनापासून आवडला नाहीं, पण त्याच्यावांचून तिचें अडूं लागलें.

परदेशांत याच सुमारास संगीतरचनेचे पुष्कळ तयार प्रोग्रॅम निघालेले होते, हें मला नंतर समजलें. विल हार्वे नांवाच्या शाळकरी वयाच्या मुलानें १९८३-८४ च्या सुमारास ‘म्यूझिक कन्स्ट्रक्शन सेट’ तयार केला. त्यांत पडद्यावरील पांच रेघांवर स्वरांचे ठिपके नेऊन ठेवावयाचे. कमोडोर ६४ या यंत्रांतील १९८२ ची ध्वनिचकती रॉबर्ट यान्स यांनीं आंखली. तींत तीन आवाज, आणि प्रत्येकाच्या उंचीसाठीं ६५,५३६ पायऱ्या! स्पेक्ट्रमसाठीं १९८५ सालीं निघालेल्या ‘व्हॅम! द म्यूझिक बॉक्स’ या प्रोग्रॅमनें तर त्या एका पिपाणींतून दोन सूर एकदम निघाल्याचा भास उत्पन्न केला. १९८७ सालीं कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन गृहस्थानें अमिगा यंत्रासाठीं ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ रचला. त्याची मांडणी पाहून मला आपल्या स्वरलिपीची आठवण झाली: चार उभे रकाने, त्यांत वरून खालीं एकामागून एक स्वर, आणि एका पानावर ६४ ओळी. ६४ म्हणजे त्रितालाचीं बरोबर चार आवर्तनें. झपतालाचीं मात्र सहा आवर्तनें होऊन चार ओळी उरतात. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आज्ञाही आहे. तिला आपण मींड म्हणूं, फार तर मींडेची धाकटी बहीण.

पण या साऱ्यांत एक गोष्ट मला खटकते. यंत्राच्या पोटांत हजारों पायऱ्या असतांना स्वर लिहावयाच्या त्या पानावर मात्र बाराच स्वर. गंधार मागावा तर चौथ्या पट्टीचा. ध्वनिचकती करणाऱ्यानें दार उघडें ठेविलें होतें, आणि लिहिण्याची पाटी करणाऱ्यानें तें लावून घेतलें. भाच्याचा प्रोग्रॅम दिसण्यास ओबडधोबड, पण त्याची ती बारा आंकड्यांची ओळ उघडी होती. कोणींही यावें आणि खोडावें. देवलांना अशी पेटी मिळाली असती तर, असा विचार माझ्या मनांत पुष्कळदां येऊन जातो.

ताई २०११ सालीं गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ५७ फुटांच्या वर चढलें, आणि गांवभागांतील आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर यंत्र, सर्व कॅसेटी व पेटी हीं पाण्यांत गेलीं. तंबोरा दुरुस्तीसाठीं मिरजेस सतारमेकरांकडे होता म्हणून वांचला. वही साताऱ्यास माझ्यापाशीं होती.

गेल्या वर्षीं भाच्याची मुलगी सुटींत आली, तिनें ती वही खणांतून काढली. “मामाआजोबा, हे आंकडे मी वाजवून पाहूं?” तिनें ते हल्लींच्या संगीतरचनेच्या एका प्रोग्रॅममध्यें जसेच्या तसे घातले. मिरजेहून परत आलेल्या तंबोऱ्याशीं गंधार लावून पाहिला तर तो चढा! मीं तिला जुन्या यंत्राची लबाडी समजावून सांगितली. तेव्हां तिनें नव्या संगणकावर त्या स्पेक्ट्रमचें हुबेहूब सोंग वठविणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला, आणि माझ्या वहींतून बापाचा जुना प्रोग्रॅम अक्षरशः टंकिला. तेथें ३.८८ बरोबर तंबोऱ्यांत मिसळला. चौदांपैकीं नऊ बंदिशी वहींत पूर्ण सांपडल्या. उरलेल्या पांचांतील दोन एका शिष्येला मुखोद्गत आहेत, त्या लिहून घेण्याचें काम चालूं आहे.

अडलें आहे तें धैवतापाशीं. भूपाचा धैवत आणि देसकाराचा धैवत एक नव्हे, देसकाराचा चढा, असें ताईच्या गुरुजींचें मत होतें. २४० च्या षड्जास ४०० आणि ४०५ असे दोन धैवत हिशेबानें येतात. त्यांचे आंकडे ८.८४ व ९.०६. वहींत भूपासमोर ८.८४ खोडून ८.८६ केलें आहे, आणि तें पक्कें आहे. देसकारासमोर माझ्या हातचे चार आंकडे आहेत, चारही खोडलेले. पांचवा, ८.९७, ताईनें स्वतः लिहिलेला आहे. अक्षर इतकें थरथरतें कीं सात आहे कीं एक तें मुलीला मला विचारावें लागलें. त्याच्या पुढें त्याच अक्षरांत लिहिलें आहे: “अजून नाहीं.”