जोत्याभोवतीचा पट्टा खचला, तर…

दिवाळीच्या तोंडावर घराभोवतीची जागा धुवायला काढली, की वर्षभर कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट गृहिणीच्या नजरेस पडते. बादलीभर पाणी ओतले, तर ते फाटकाकडे जाण्याऐवजी भिंतीकडे वळते आणि कोपऱ्यात तळे करून बसते. जोत्याला लागून असलेले काँक्रीट बोटभर खाली गेलेले असते. "सण होऊ द्या, मग पाहू," असे यजमान म्हणतात. सणानंतर एक कंत्राटदार येतो, टाचेने दोनदा जमीन ठोकतो आणि सांगतो, "काही नाही साहेब, वरून एक थर मारून देतो. दोन दिवसांचं काम." थर मारला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या पावसाळ्यात जुने काँक्रीट नव्या थरासकट पुन्हा खाली बसते!

घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील म्हणून गेले. बांधलेले घर राखणे हीसुद्धा तितकीच मोठी परीक्षा आहे. म्हणून कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी हे प्रकरण मुळात काय आहे, ते आपण समजून घेऊ.

पट्ट्याचे काम काय?

घराभोवती दोन-तीन फूट रुंदीचा जो काँक्रीटचा पट्टा असतो, तो चालायला सोयीचा असला तरी त्यासाठी घातलेला नसतो. छपराचे आणि अंगणाचे पाणी पायापासून दूर ढकलणे हे त्याचे खरे काम. म्हणून त्याला भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार देतात. तीन फुटांत साधारण एक इंच. पट्टा भिंतीच्या बाजूला खचला, की हा उतार उलटा होतो. जे पाणी पायापासून दूर जायचे, तेच नेमके पायाशी जाऊ लागते. घरातल्या आजोबांचा पाय अडखळेल ही भीती खरीच. पण त्याहून मोठी भीती जमिनीखाली असते.

खचतो तो का?

काँक्रीट स्वतः सहसा खचत नाही. त्याच्या खालची जमीन खचते. त्याची कारणे चार-पाचच आहेत. पहिले कारण भराव. पाया बांधून झाला, की त्याच्या बाजूचा खड्डा बुजवतात. तो बुजवताना सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकायला हवेत. प्रत्यक्षात त्यात विटांचे तुकडे, रिकाम्या गोण्या, फळकुटे असे जे हाती येईल ते लोटले जाते. हा भराव पुढे कित्येक वर्षे हळूहळू बसत राहतो.

दुसरे कारण आपली काळी माती. सोलापूर, परभणी, अकोला या भागांत ती सर्वांच्या परिचयाची आहे. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेला पट्टा दरवर्षी वर-खाली होतो. तिसरे कारण गळती : गच्चीच्या पन्हळीचे पाणी एकाच जागी पडणे, सांडपाण्याचे चेंबर फुटणे, जमिनीखालचा नळ झिरपणे. हे पाणी बारीक माती वाहून नेते आणि खाली पोकळी होते. चौथे कारण घुशी; त्यांची बिळे गवंड्याच्या चुका पूर्ण करतात.

घरच्या घरी तपासणी

लाकडी दांड्याने पट्टा ठोकून पाहा. आवाज भरीव आला तर ठीक. ढब्ब आला तर खाली पोकळी आहे. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवर नजर ठेवा. काटा फिरत असेल तर चोर घरातच आहे. चेंबरचे झाकण उघडून आत पाहा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांनी भेग खुणेपलीकडे गेली असेल, तर खचणे चालूच आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरक्या भेगा गेल्या असतील, दारे चौकटीत अडकू लागली असतील, तर पट्ट्याचा कंत्राटदार नको. आधी बांधकामाचा इंजिनियर बोलवा. तेथे प्रश्न पायाचा असू शकतो.

तीन उपाय

पहिला उपाय वरून थर मारण्याचा. तो स्वस्त दिसतो, पण बसणाऱ्या जमिनीवर ओझे वाढवतो आणि पातळ थर लवकरच पापुद्र्यासारखा सुटतो.

दुसरा उपाय खालून उचलण्याचा. काँक्रीटला भोके पाडून माती, सिमेंट व पाणी यांचा रबडा दाबाने खाली सोडायचा, की लादी वर येते. अमेरिकेत १९३० च्या दशकात खचलेले रस्ते असे उचलू लागले. पुढे रबड्याच्या जागी फुगणारा रासायनिक फेसही आला. मोठी, जाड आणि अखंड लादी असेल, तर हा उपाय नामी आहे. आपला तीन-चार इंचांचा, जागोजागी तडकलेला पट्टा मात्र उचलताना तुकडे होण्याचीच भीती. शिवाय खालचा नळ गळत असेल, तर फेस तो थांबवत नाही.

तिसरा उपाय पट्टा फोडून पुन्हा करण्याचा. यात धूळ आहे, खर्च आहे. पण खाली काय घडले ते डोळ्यांनी दिसते. बंगल्याच्या पट्ट्याला बहुधा हाच मानवतो.

कंत्राटदार कसा निवडाल?

तिघांना बोलवा आणि तिघांना एकच प्रश्न विचारा : "हे खचलं कशामुळे?" जो लगेच टेप काढून दर सांगतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. जो पन्हळ कोठे पडते ते पाहतो, चेंबर उघडतो, माती कोणती असे विचारतो, त्याला बसवून घ्या.

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात प्रत्येक बाब वेगळी लिहून घ्या : जुने फोडून राबीट उचलणे, गळती दुरुस्त करणे, वरची काळी माती काढून मुरूम भरणे, थराथराने पाणी मारून ठोकणे, दगडाचे सोलिंग, त्यावर ४ इंच काँक्रीट, प्रमाण १:२:४, दर सहा-सात फुटांवर सांधा, भिंत व पट्टा यांच्यामध्ये फट ठेवून तीत डांबर, आणि बाहेरच्या बाजूला उतार.

येथे 'ब्रास' या शब्दाने भले भले गोंधळतात. पृष्ठभाग मोजताना ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू, खडी, काँक्रीट मोजताना १०० घनफूट. समजा, घर ३० फूट बाय ४० फूट आहे आणि पट्टा ३ फुटांचा आहे. कोपरे धरून तो ४५६ चौरस फूट होतो, म्हणजे सुमारे साडेचार ब्रास. तेच ४ इंच जाडीचे काँक्रीट १५२ घनफूट, म्हणजे दीड ब्रास. एकाने साडेचारचा दर सांगितला आणि दुसऱ्याने दीडचा, तर दोघेही खरे असतील. स्वस्त कोण, हे गुणाकार केल्यावरच कळेल. एवढ्या काँक्रीटला सिमेंटची ५० किलोची सुमारे २७ पोती लागतात. रिकामी पोती मोजायला इंजिनियर लागत नाही!

काम चालू असताना

ऐन मे महिन्यात, माती भेगाळलेली असताना काँक्रीट टाकू नका. पावसात ती फुगून पट्टा उचलेल. दिवाळीनंतर जमीन वाफशावर असते, तो काळ चांगला. काँक्रीट टाकल्यावर ओले गोणपाट घालून किमान ७ दिवस, पोझोलाना सिमेंट असेल तर १० दिवस, पाणी मारा. मजूर दुसऱ्या कामावर गेले, तर हे काम घरच्यांनी करावे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या : थोडे आगाऊ, काही मुरूम ठोकून झाल्यावर, काही काँक्रीट झाल्यावर. त्या मधल्या टप्प्याला स्वतः उभे राहा, कारण एकदा काँक्रीट पडले की खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. शेवटचा दहावा हिस्सा पहिला पावसाळा पार पडल्यावर द्यायचा, असे आधीच लिहून घ्या. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे, तो या अटीवर कुरकुर करील, पण सही करील. जो सहीच करत नाही, त्याने पावसाळ्याचे उत्तर आधीच देऊन टाकले असे समजा.