सळई वाढवली की बीम मजबूत होतो का?

काँक्रीट दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. तो सळईने घ्यायचा, हे मागच्या लेखात आपण पाहिले. त्यावरून सळई जितकी जास्त तितकी इमारत भक्कम, अशी समजूत सहज होते. साइटवर ‘अजून एक बार टाका’ असे घरमालक आग्रहाने सांगतात, त्यामागे हीच समजूत असते. पण भारतीय मानक ब्यूरोची आयएस ४५६ : २००० ही संहिता सळईला किमान मर्यादा घालते तशी कमालही घालते. वरची मर्यादा काटकसरीसाठी नाही. तिचा संबंध माणसांच्या जिवाशी आहे.

२३० मिमी रुंद, ४५० मिमी खोल असा नेहमीचा बीम घ्या. काँक्रीट एम २५, सळई एफई ५००, आणि वरच्या कडेपासून खालच्या सळयांच्या मध्यापर्यंतची खोली ४१० मिमी. संहितेनुसार ताणाच्या बाजूला किमान सुमारे १६० चौ. मिमी पोलाद हवे. दहा मिमीच्या दोन सळया १५७ भरतात, म्हणजे अगदी थोडक्यात अपुऱ्या. बीमला पहिली भेग पडते त्या क्षणी काँक्रीटने धरलेला ताण एकदम सळईवर येतो, आणि ती फार बारीक असेल तर तिथेच तुटते. हिशेबाने कमी पोलाद पुरत असले तरी किमान घालावेच लागते, ते यासाठी.

आता वरची बाजू. याच बीममध्ये पोलाद सुमारे ८९७ चौ. मिमीपर्यंत असेल, तर भार हाताबाहेर गेल्यावर आधी सळई ताणली जाते, बीम खाली झुकतो, भेगा रुंदावतात आणि माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सोळा मिमीच्या तीन सळया ६०३ भरतात. त्या या मर्यादेत आहेत. वीसच्या तीन टाकल्या की आकडा ९४२ वर जातो. मग सळई ताणण्याआधीच वरचे काँक्रीट चिरडते, आणि तेही फारशी सूचना न देता.

यावर कोणी म्हणेल, सळई वाढल्याने ताकद थोडी तरी वाढतेच ना? वाढते, हे खरे. पण त्या थोड्या ताकदीच्या बदल्यात आपण धोक्याची सूचना गमावतो, आणि हा सौदा मला कोणत्याही घरासाठी मान्य नाही. दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे : संहिताच बीमच्या आडव्या छेदाच्या ४ टक्क्यांपर्यंत पोलाद चालवते. तेही खरे, पण मग दाबाच्या बाजूलाही हिशेबाने सळया आणि त्यांना धरणाऱ्या रिंगा द्याव्या लागतात. नुसत्या खाली वाढवलेल्या सळयांना ती सवलत लागू नाही. शिवाय जागाही पाहावी लागते. २० मिमी खडी वापरली तर दोन सळयांत २५ मिमी अंतर हवे; २३० मिमी रुंदीत वीसच्या चार सळया एका थरात जेमतेम बसतात. त्याहून दाटी केली की खडी अडकते, खाली पोकळ्या राहतात, आणि पुढे त्याच वाटेने ओल शिरून सळई गंजते.

कॉलमला पोलाद ०.८ ते ६ टक्के चालते, पण सळया जोडतात तिथे ते दुप्पट होते, म्हणून संहिताच ४ टक्क्यांवर न जाण्याचा सल्ला देते. बीमवर जास्त भार येणार असेल, तर खोली वाढवणे हा सरळ मार्ग आहे. तेव्हा ड्रॉइंगमधल्या सळईचा आकडा कमी करू नका, तसा स्वतःच्या मनाने वाढवूही नका. बदल हवाच असेल तर आरसीसी डिझायनरकडून तो लेखी घ्या.