कोनाची कड

जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावलं, तर बोटाला काळा चिकट भुगा लागला. वडिलांनी 1988 साली घेतलेले हे स्पीकरचे बॉक्स. गेले काही महिने डग्ग्याचा घुमार फाटल्यासारखा यायचा. मी आधी कॅसेटला दोष दिला, मग अॅम्प्लिफायरला. बिघडली होती ती कोनाच्या कडेची, बोटभर रुंदीची फोमची रिंग.

पुण्यात अशा वेळी पाय बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीकडे वळतात. मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठतो. कारागिराने वूफर उताणा ठेवला, दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी पसरली आणि कोन अलगद आत दाबला. सोडला, पुन्हा दाबला. कान जवळ नेला. मग मल्टिमीटर लावला : सहा ओहमच्या आसपास. आठ ओहमच्या स्पीकरची तार मीटरवर एवढीच दिसते. काहीच दिसलं नसतं तर कॉइल तुटली, असं समजायचं. "कॉइल घासत नाही, जळलेली नाही. नुसता फोम गेलाय काका, टाकू नका."

हे यंत्र शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही, म्हणून ते दुरुस्तही होतं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली ज्या रचनेचा शोधनिबंध मांडला, तीच आजही घराघरांत वाजते. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कोन. तारेतून वीज उलटसुलट वाहते, कॉइल पुढेमागे होते, कोन हवा ढकलतो. कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर राहावी म्हणून तिला दोन ठिकाणी धरतात : आत नालीदार कापडाची चकती, जिला सगळे स्पायडर म्हणतात, आणि बाहेर ही कड. सभेच्या मंडपातल्या स्पीकरना कड कापडाची असते, ती दशकानुदशकं टिकते. घरगुती वूफरला छोट्या बॉक्सातून खोल खर्ज काढायचा असतो, त्यासाठी कोन लांब पल्ल्याने आणि विनाअडथळा हलायला हवा. फोम त्यासाठी उत्तम, पण अल्पायुषी. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतला ओलावा शोषून आतूनच विघटित होतो. पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो. वापरलाच नाही तरी होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे लवकर घडतं. नवी रिंग निवडताना रबराचा मोह होतो, पण रबर जड असतं. कोन मुळात फोमसाठी बांधलेला असेल तर फोमच घालावा, असं माझं मत आहे.

कामाचा जीव आहे तो रिंग बसवण्यात. आधी जुना फोम आणि गोंद स्पिरिटने भिजवून बोथट पात्याने खरवडायचा. कागदाचा कोन फाटू द्यायचा नाही. यात अर्धा दिवस जातो. मग मधली टोपी पात्याने कापून उघडायची आणि कॉइल व आतल्या लोखंडी खांबाच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या चारी बाजूंनी सरकवायच्या. ही फट मिलिमीटरच्या अंशाएवढी. पट्ट्यांनी कॉइल मधोमध अडकली, की रिंग चिकटवायची आणि गोंद रात्रभर वाळू द्यायचा. सकाळी पट्ट्या काढायच्या आणि पुन्हा तेच : बोटं पसरून दाबायचं, कान लावायचा. बारीकशी खरखर आली तरी सगळं उखडून नव्याने.

बॉक्सच्या मागच्या बाजूला आतून लावलेल्या छोट्या पाटीकडे फार कमी लोक बघतात. ती क्रॉसओव्हर : तारेच्या गुंडाळ्या खालचे स्वर वूफरकडे जाऊ देतात, कपॅसिटर वरचे स्वर ट्वीटरकडे. आठ ओहमच्या ट्वीटरला 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर साधारण 4200 हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. स्वस्त बॉक्सांत हा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक असतो आणि वर्षानुवर्षांत आतून वाळतो. ट्वीटर जिवंत असतो, पण तानपुऱ्याची जवारी मंद होते, आणि घरातले म्हणतात, आपलेच कान म्हातारे झाले. तेवढ्याच मूल्याचा फिल्म कपॅसिटर टाकला की जवारी परत येते. त्यासाठी लागतो तो थोडा डाग आणि दहा मिनिटं.

ट्वीटर जळतो तो बहुधा वेगळ्याच कारणाने. छोटा अॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर वाजवला की लाटेची शेंडी छाटली जाते, त्यातून वरच्या स्वरांची जादा वीज निघते आणि ती ट्वीटरच्या केसाइतक्या तारेत जाते. सबवूफरचं दुखणं याच्या उलट बाजूचं : 80 हर्ट्झऐवजी 40 हर्ट्झ तितक्याच जोराने काढायला कोनाला चौपट हलावं लागतं. म्हणून त्याची कड आधी थकते.

अॅम्प्लिफायरपासून बॉक्सपर्यंतच्या तारांवर लोक फार पैसे घालवतात. दहा मीटर अंतराला 2.5 चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते. जाऊन-येऊन तिचा रोध 0.14 ओहम भरतो. त्यापेक्षा जपायचं ते टोकाचं : सुटलेला एक तंतू शेजारच्या स्क्रूला टेकला, तर अॅम्प्लिफायर जाऊ शकतो. आणि लाल-काळं. एका बॉक्सच्या तारा उलट जोडल्या, की एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो, खर्ज एकमेकांत विरतो आणि गायक भिंतीत कुठेतरी हरवतो. खूण पुसली गेली असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला, की सेलची धन बाजू जिथे होती ते लाल टोक.

तसा सेल लावून कारागिराने दोन्ही वूफर तपासले. बॉक्समध्ये परत बसवताना ते अर्धे फिरवले. इतकी वर्षं कोन स्वतःच्या वजनाने एकाच बाजूला झुकला होता, आता दुसऱ्या बाजूला झुकू दे. घरी भीमसेन जोशींची जुनी कॅसेट लावली. खर्जाला पुन्हा अंग आलं होतं, आणि डग्ग्याची मींड जमिनीवरून पायांत शिरत होती.