विश्लेषण : ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल ३६ का लिहिते?

‘बालभारती’ने २०१९मध्ये ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ आणले, तेव्हा चर्चेपेक्षा विनोदच जास्त झाले. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात संख्या कशी शिरते, कुठे अडकते आणि कधी विसरली जाते, याविषयी मानसशास्त्र काय सांगते?

भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गाला ‘त्रेसष्ट लिहा’ म्हटले की काही पाट्यांवर हमखास ३६ उमटते. मोठ्यांना हा निष्काळजीपणा वाटतो. प्रत्यक्षात मुलाने जे ऐकले तेच, आणि त्याच क्रमाने लिहिलेले असते. आधी ‘त्रे’ ऐकू आले, मग ‘सष्ट’. म्हणून आधी तीन, मग सहा. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेल्या ३ आणि ६ वरून मराठीत ‘छत्तीसचा आकडा’ आला. ६३ मध्ये तेच दोघे समोरासमोर येतात. हा फरक कळायला मुलाला जो वळसा घालावा लागतो, तो भाषेने घातलेला आहे.

याच तालुक्यात थोडे शहराकडे सरकले, की दुसरे चित्र दिसते. यंत्रमागांमुळे भिवंडीत तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली. त्यांच्या घरात ६३ म्हणजे ‘अरवै मूडु’, शब्दशः ‘साठ तीन’. शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या घरात ‘तिरसठ’, गुजराती घरात ‘त्रेसठ’. तेलुगू घरातील मूल ज्या क्रमाने ऐकते त्याच क्रमाने लिहिते. मराठी, उर्दू आणि गुजराती मुलाला ऐकलेले मनात उलटे करून मग लिहावे लागते.

२०१९चा वाद नेमका काय होता?

इयत्ता दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात २१ ते ९९ या संख्यांचे वाचन ‘वीस एक’, ‘वीस दोन’, ‘साठ तीन’ अशा पद्धतीनेही दिले गेले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरे असलेले संख्याशब्द लहान मुलांना कठीण जातात, शिवाय बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलट असल्याने गोंधळ होतो, अशी त्यांची भूमिका होती. जुने शब्द हद्दपार केलेले नाहीत, दोन्ही पद्धती मुलांपुढे आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. पण तोवर समाजमाध्यमांवर ‘मराठीचा खून’ झालेला होता. विधानसभेत अजित पवार यांनी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आडनावातील ‘वीस’वर कोटी केली आणि सभागृह हसले. ‘गणितगप्पा’ लिहून गणित सोपे करू पाहणाऱ्या नारळीकरांचे १७ जुलै २०२३ रोजी निधन झाले. त्यांनी मांडलेला शिकण्याचा प्रश्न त्या हशात मागे पडला तो पडलाच.

शब्द इतके अवघड का?

संस्कृतमध्ये संख्या बोलताना एकक आधी येतो, दशक नंतर. एकविंशतिचे ‘एकवीस’ झाले ते त्याच वाटेने. हजारो वर्षे जिभेवर घासून या शब्दांचे तुकडे ओळखू येईनासे झाले. ‘द्वा’चा ‘बा’ झाला, म्हणून बावीस, बत्तीस, बावन्न, बासष्ट. यातल्या कशातही ‘दोन’ ऐकू येत नाही. तीनाची रूपे पाहा : तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. दशकाचा भागही जागेवर राहत नाही. साठचा ‘सष्ट’ होतो, पन्नासचा ‘पन्न’ किंवा ‘वन्न’, सत्तरचा ‘हत्तर’.

त्यात भर ‘एकोण’ची. एकोणसाठ ऐकले की कानावर ‘साठ’ पडते, लिहायचा असतो ५. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम नीट चालतो आणि शेवटी मूल ‘एकोणशंभर’ म्हणायला जाते, तर तिथे ‘नव्व्याण्णव’ उभे असते. थोडक्यात, नियम शोधू पाहणाऱ्या मुलाला मराठीत १ ते १०० हे जवळपास शंभर वेगळे शब्द म्हणूनच पाठ करावे लागतात.

लहानपणी दशक आधी बोलणे हे इंग्रजीचे अनुकरण आहे, असाही आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो टिकणारा नाही. दक्षिणेकडील भाषांत तीच रीत आहे. खुद्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जुनी माणसे विसांच्या हिशेबात वय सांगत आली आहेत : ‘तीन विसा तीन’, म्हणजे त्रेसष्ट. त्यातही मोठा गठ्ठा आधी, सुटे नंतर. (लहान भाग आधी ठेवायचा की मोठा, यावर संगणक बनवणाऱ्यांतही दोन पंथ आहेत. पण संगणक एकदा ठरलेला क्रम चुकवत नाही. सात वर्षांचे मूल चुकवते.)

मेंदूत नेमके काय अडते?

ऐकलेली गोष्ट काही क्षण धरून ठेवून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४मध्ये तिची मांडणी केली. तिला डोक्यातली पाटी समजायला हरकत नाही, फक्त ही पाटी फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये तिच्यावर सुमारे सात गोष्टी मावतात असे म्हटले. नेल्सन कोवन यांनी २००१मध्ये हा आकडा चारच्या आसपास आणला. लहान मुलांची पाटी त्याहूनही लहान.

आता ‘त्रेसष्ट’ लिहिताना त्या पाटीवर काय काय येते ते मोजू. शब्द धरून ठेवायचा, ‘त्रे’ म्हणजे तीन हे आठवायचे, ‘सष्ट’ म्हणजे साठ हे आठवायचे, साठसाठी ६ लिहायचा हे ठरवायचे, तीनला थांबवून ठेवायचे, ६ काढायचा आणि मग थांबवलेला तीन पुन्हा उचलायचा. ६ चे वळण अजून हाताला बसलेले नसेल, तर ते आठवण्यातच पाटी भरते आणि थांबवलेला तीन पुसला जातो. काही मुले यावर स्वतःच तोडगा काढतात : डावीकडे जागा सोडून आधी ३ लिहितात आणि मग अलीकडे ६ भरतात. उत्तर बरोबर येते, पण ही सवय तीन अंकी संख्येला गोत्यात आणते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलला जातो. ऑस्ट्रियातील सुमारे सात वर्षांच्या मुलांवरील २००९च्या अभ्यासात ऐकून संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या. त्याहून बोलका पुरावा चेक भाषेतला आहे, कारण तिथे दोन्ही पद्धती चालतात. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीच मुले, त्याच संख्या, पण एकक आधी असलेल्या शब्दांना चुका अधिक, असे दिसले. मुलांची बुद्धी, शाळा, घर सगळे तेच होते. बदलला होता फक्त शब्दांचा क्रम.

चीन आणि अमेरिकेतील बालवाडीच्या वयाच्या मुलांची तुलना केविन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये केली. दहापर्यंत मोजण्यात दोघे सारखेच होते. फरक पडू लागला अकरापासून, कारण चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा एक’ आणि बारा म्हणजे ‘दहा दोन’.

क्रम बरोबर आला, म्हणजे संख्या कळली का?

नाही, आणि ‘साठ तीन’च्या समर्थकांनी इथे सावध राहायला हवे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवले, की साधारण सात वर्षांच्या आसपास मुलाच्या विचारात मोठा बदल होत असतो. हातात धरता येणाऱ्या वस्तूंबद्दल ते तर्क करू लागते, पण एकच गोष्ट एकाच वेळी ‘एक’ही आहे आणि ‘दहा’ही आहे, हे पचायला वेळ लागतो. दशक म्हणजे नेमके तेच : एक गठ्ठा, दहा काड्या.

पियाजे यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी मुलांसमोर १६ सोंगट्या ठेवून, कागदावर १६ लिहून, त्यातला ६ म्हणजे यातल्या किती हे विचारले. मुलांनी सहा सोंगट्या दाखवल्या. १ म्हणजे किती, असे विचारल्यावर अनेकांनी एकच सोंगटी दाखवली. उरलेल्या नऊ कुठे गेल्या, याची त्यांना फिकीर नव्हती. १६ बिनचूक वाचणारी आणि लिहिणारी ही मुले होती. शब्द सोपा केल्याने लिहिण्यातली चूक कमी होईल; गठ्ठा मात्र मुलाला स्वतःच्या हातानेच बांधावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत रबर लावलेल्या काड्यांचे गठ्ठे, मण्यांच्या माळा, खेळण्यातल्या नोटा दिसतात, त्या यासाठीच. त्या कपाटात कुलूपबंद असतील, तर ‘साठ तीन’ही पोपटपंचीच.

मग जुने शब्द टाकून द्यायचे?

तसेही नाही. ‘बावन्न’ तीन अक्षरी आहे, ‘पन्नास दोन’ पाच अक्षरी. कार्यस्मृतीत लांब शब्द कमी मावतात, हे बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये दाखवले. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवरील १९८०च्या अभ्यासात वेल्श अंकांना उच्चारायला वेळ जास्त लागतो, म्हणून ते कमी लक्षात राहतात असे आढळले. म्हणजे शिकताना ‘पन्नास दोन’ सोपे, पण एकदा पक्के झाल्यावर तोंडी हिशेबाला ‘बावन्न’च हलका. पाढ्यांची लय या आखूड शब्दांवरच उभी आहे. पक्का पाठ असलेला पाढा डोक्यातल्या पाटीवर जागा अडवत नाही, हा पाठांतराचा खरा फायदा. पाठांतराला सरसकट नावे ठेवणारे तो विसरतात.

शिवाय आठवडी बाजारात, एसटीत, रेशन दुकानात कोणी ‘पन्नास दोन’ म्हणत नाही. ‘बावन्न’ न कळणारे मूल तिथे अडेल. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ‘एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन’ असे समजावून सांगावे लागते, हे तर घरोघरी दिसतेच.

नॉर्वेने १९५१मध्ये याबाबत थेट सरकारी निर्णय घेतला. दूरध्वनी क्रमांक सांगताना गोंधळ होतो म्हणून ‘एक आणि वीस’ऐवजी ‘वीस एक’ म्हणायचे ठरले, शाळांत तेच शिकवले गेले. तरीही जुनी पद्धत बोलण्यातून पूर्ण गेलेली नाही. जर्मनीत अशा बदलासाठी २००४ पासून एक संघटना प्रयत्न करते आहे. तिथे अधिकृत बदल झालेला नाही.

दिवाळीनंतर विसरते कोण?

ग्रामीण भिवंडीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तालुक्यात आणि आसपास वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर अनेक कातकरी, वारली कुटुंबे भट्टीवर जातात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. या मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. ‘त्र्याहत्तर’, ‘अठ्ठ्याऐंशी’ हे शब्द बहुधा वर्गातच पहिल्यांदा नीट ऐकलेले. विसरण्याचा पहिला शिस्तशीर अभ्यास हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच केला, १८८५मध्ये प्रसिद्धही केला. उजळणी नसेल तर सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते, पुढे वेग मंदावतो. निरर्थक अक्षरे पाठ करायला जितके कष्ट पडले, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात अर्थपूर्ण मजकूर पाठ झाला, असेही त्याने नोंदवले.

सुट्या शंभर शब्दांची यादी चार महिन्यांच्या खंडात विरून गेली, तर ती पुन्हा कोणीतरी सांगावीच लागते. ‘साठ, मग तीन’ हा नियम कळलेला असेल, तर मूल विसरलेली संख्या स्वतः जुळवू शकते. एबिंगहाउसचाच आणखी एक निष्कर्ष शिक्षकांना धीर देणारा आहे : विसरलेले पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. भट्टीवरून परतलेल्या मुलाला ‘काहीच येत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसवणे चुकीचे आहे ते म्हणूनच.

केंद्राने जुलै २०२१मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’मध्ये पहिलीच्या अखेरीस ९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे हे उद्दिष्ट आहे, दुसरीत ९९९. ‘असर’च्या गावपातळीवरील चाचणीतही दोन अंकी संख्या ओळखायला सांगतात. ‘त्रेसष्ट’ला अडलेले मूल अशा तक्त्यात ‘संख्याज्ञान नाही’ या रकान्यात जाऊ शकते, कल्पना पक्की असली तरी.

वर्गात काय करता येईल?

सुरुवात काड्या आणि ‘साठ तीन’ने, आणि त्याच बैठकीत ‘यालाच त्रेसष्ट म्हणतात’ हे जोडून. पूर्ण शंभरी रोज एका दमात घोकण्यापेक्षा थोड्या संख्या, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ देऊन, न बघता आठवायला लावणे अधिक टिकते. बघून दहादा म्हणण्यापेक्षा अडखळत एकदा आठवणे उपयोगी, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगांतही दिसले. ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होते, पण तत्त्व शिक्षकांच्या अनुभवाशी जुळणारे आहे.

पाटीवर ३६ दिसले, तर लाल फुली मारण्याआधी मुलाला ‘त्रेसष्ट काड्या मांड’ म्हणावे. त्याने सहा गठ्ठे आणि तीन सुट्या मांडल्या, तर संख्या कळलेली आहे, फक्त लिहिताना क्रम उलटला. तीन गठ्ठे आणि सहा सुट्या मांडल्या, तर शब्दाचा अर्थच उलटा लागतो आहे. तिथे ‘साठ तीन’ची मदत सर्वाधिक होते. आणि त्याने एकीकडे तीन, दुसरीकडे सहा अशा नऊच काड्या ठेवल्या, तर शब्द बाजूला ठेवून पुन्हा दहा-दहा काड्यांना रबर लावायला बसावे लागेल.